सहा पुड्यांसाठी सातवी कायले?

औषधांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

ह्या वेळच्या पत्रांमध्ये डी. फार्मवाल्या (फार्मसीचा डिप्लोमा करणाऱ्या) पोट्ट्यापोट्टींचीच गर्दी आहे. प्रॅक्टिकल तोंडावर आलं की दरवर्षी असंच होतं, त्यामुळं बाकीच्यांनी नाराज होऊ नका, पण घरात लहान लेकरू असेल तर धारणीच्या ताईंचं पत्र तेवढं नक्की वाचा.

प्रश्न : सर, मी डी. फार्म फर्स्ट इयरला आहे. आम्हाला हायोसिन हायड्रोब्रोमाइड नावाच्या औषधाच्या, प्रत्येकी ०.४ मिग्रॅच्या सहा पुड्या करायला दिल्या होत्या. मी लॅक्टोजसोबत (दुधातली साखर) दोनदा ट्रायट्युरेशन केलं, म्हणजे औषध घोटून पातळ केलं, दुसऱ्या वेळची पावडर २८० मिग्रॅ घेतली, त्यात ८४० मिग्रॅ लॅक्टोज टाकलं आन् १२०-१२० मिग्रॅच्या पुड्या बांधल्या. मॅडमनं जर्नलवर लाल रेघ मारून नुसतं 'परत करा' लिहिलं. काय चुकलं तेच समजून नाही राहिलं. आणि पुड्या सहाच द्यायच्या तर हिशोब सातचा कायले करायचा?
— एक विद्यार्थिनी, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, तू शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आलीस आणि उंबरठ्यात अडखळलीस. ८४० हे सगळं मिळून वजन आहे, लॅक्टोजचं नाही.

आता पहिल्यापासून बघू, कारण मला शंका आहे की वर्गात अर्ध्या जणांनी हा हिशोब शेजारच्याचा बघून लिहिलेला असतो. ०.४ मिग्रॅ म्हणजे एका ग्रॅमचे अडीच हजार भाग केले तर त्यातला एक. सात पुड्यांचं औषध झालं २.८ मिग्रॅ. डिस्पेन्सिंगच्या साध्या तराजूवर १०० मिग्रॅच्या खाली वजन करायचंच नाही हा नियम, कारण त्याच्या खाली तराजूचा काटा जे सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पोरं म्हणतात सर डिजिटलवर तर ०.००३ ग्रॅम दिसते ना, तेच मोजू. दिसते रे बाबा, पण त्या मशीनचा एक मिलिग्रॅम इकडे-तिकडे झाला तर तुझ्या २.८ मधला तिसरा हिस्सा इकडे-तिकडे झाला, वरून खिडकी उघडी आणि डोक्यावर पंखा. (पंखा बंद करून वजन करा हे मी मे महिन्यात सांगितलं की वर्ग माझ्याकडे वैऱ्यासारखा बघायचा.)

म्हणून जास्त औषध मोजायचं आणि ते पातळ करत न्यायचं. १०० मिग्रॅ औषध आणि ९०० मिग्रॅ लॅक्टोज, झाली १००० मिग्रॅ पावडर, तिच्या प्रत्येक १०० मिग्रॅमध्ये औषध १० मिग्रॅ. ह्यातली १०० मिग्रॅ घे, परत ९०० लॅक्टोज टाक, आता दर १०० मिग्रॅमध्ये औषध १ मिग्रॅ. आपल्याला पाहिजे २.८, म्हणून २८० मिग्रॅ घेतली, इथपर्यंत तुझं शंभर टक्के बरोबर. आता पुडी १२० मिग्रॅची करायची, सात पुड्या म्हणजे ८४०, त्यातले २८० आधीच हातात आहेत, म्हणून लॅक्टोज टाकायचं फक्त ५६०. तू पूर्ण ८४० टाकलंस, एकूण झालं ११२०, आणि त्यातली १२०ची पुडी बांधलीस तर तिच्यात औषध गेलं ०.३ मिग्रॅ. पेशंटला प्रत्येक वेळी पाव हिस्सा औषध कमी. दिसायला पुडी अगदी तशीच, वजनाला तशीच, पांढऱ्यात पांढरं, कोणी म्हणजे कोणी ओळखू शकत नाही.

पण एक जण ओळखू शकत होतं, तूच. सहा पुड्या बांधल्यावर तुझ्या खलात ४०० मिग्रॅच्या आसपास पावडर उरली असेल बघ. उरायला पाहिजे होती एका पुडीएवढी, म्हणजे १२०च्या आत, आणि उरली तिप्पट-चौपट. तिथंच थांबायचं होतं. मी पोरांना नेहमी सांगायचो की खल धुवायच्या आधी त्याच्यात काय उरलं ते बघा, जर्नल नंतर लिहा.

आता सातवी पुडी. पावडर घोटताना थोडी खलाला चिकटते, थोडी बत्त्याला, थोडी स्पॅट्युलाला, थोडी कागदावर राहते. सहाचाच माल केला तर पहिल्या पाच पुड्या बरोबर भरतात आणि सहावी हलकी निघते, मग पोरगं काय करतं तर पाचही पुड्यांतून चिमूट-चिमूट काढून सहावीत टाकतं आणि सगळंच बिघडवतं. त्यापेक्षा एक जास्तीची धर आणि शेवटी उरलेलं फेकून दे. औषध वाया गेलं म्हणून हळहळायचं नाही, पुडी हलकी गेली तर त्याची हळहळ जास्त पाहिजे.

१२० मिग्रॅ का, तर पुडी त्याच्यापेक्षा बारीक झाली की उघडताना कागदालाच अर्धी राहते आणि पेशंटला दिसतही नाही. काही पुस्तकं १०० म्हणतात, काही १२०, तुमच्या मॅडम जे म्हणतात ते वापर. लॅक्टोज का, तर ते स्वस्त, पाण्यात विरघळणारं, चवीला किंचित गोड आणि औषधाशी सहसा भांडत नाही.

आणि एक विसरू नको. खलात आधी थोडं लॅक्टोज फिरवून घे म्हणजे खलाची बारीक छिद्रं त्यानंच भरतात, औषधानं नाही. मग औषध टाक, त्याच्याएवढंच लॅक्टोज टाक, घोट. जेवढं झालं तेवढंच परत टाक, परत घोट. असं दुप्पट-दुप्पट करत जायचं. आपल्याकडचा पानठेल्यावाला खर्रा घोटतो ना, सुपारी-तंबाखू-चुना एकदमच पन्नीवर टाकून, तशी घोटाई इथं चालत नाही. ९०० मध्ये १०० एकदम टाकलं तर वर्षभर घोटलं तरी एका कोपऱ्यात औषध जास्त आणि एका कोपऱ्यात कमी राहील.

प्रश्न : सर, मी तालुक्याच्या ठिकाणी एका मेडिकलमध्ये ट्रेनिंगला आहे. चिठ्ठीवरचं अक्षरच लागत नाही. दुकानदार भाऊ म्हणतात, 'नाही समजलं तं पेशंटले बिमारी विचार अन् लाव अंदाज, सहा महिन्यात सगळं येते.' खरंच असंच शिकायचं असते का?
— ट्रेनी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊंचं अर्धं वाक्य सोन्याचं आहे आणि अर्धं फेकून द्यायचं आहे. बिमारी विचारायची, रोज विचारायची, प्रत्येकाला विचारायची. पण ती अंदाज लावायला नाही विचारायची, आपण वाचलं ते बरोबर की चूक हे तपासायला विचारायची. दोन्हीत फरक आहे. हायड्रॉक्झिझिन खाजेसाठी आणि हायड्रालाझिन बीपीसाठी, हातानं घाईत लिहिलं तर पहिलं अक्षर सारखं, शेवट सारखा, मधलं कोणाला दिसते? तुला एक वाटलं आणि पेशंट म्हणाला अंगाला खाज सुटली आहे, बरं, जुळलं. नाही जुळलं तर चिठ्ठीवर डॉक्टरचा नंबर असतो, फोन लाव. डॉक्टर चिडतात म्हणशील. चिडतात ना! मी चाळीस वर्षांत खूप शिव्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांसोबत चहापण प्यायलो. आणि सरळ बघितलं तर चूक तुझी नाही, २०१६ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे की औषध जेनेरिक नावानं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा. किती लिहितात ते तू रोज बघतोच.

चिठ्ठीचे भाग तुला पाठ असतील, तारीख, नाव-वय, औषधं, आपल्याला सूचना, पेशंटला सूचना, सही, रजिस्ट्रेशन नंबर, तोंडी परीक्षेत तेच विचारतात. दुकानात ह्यातलं सगळ्यात कामाचं असते वय आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही. चिठ्ठी आजोबाच्या हातात आणि औषध नातवाचं, असं किती वेळा होतं. म्हणून पहिला प्रश्न 'औषध कोणासाठी?' आणि दुसरा 'वय किती?', बाकी नंतर.

बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, पीसी जेवणानंतर, एसी जेवणाआधी (एसीत बसून नाही, आपल्याकडे कूलरच पुरत नाही), हे लॅटिन आठ दिवसात येऊन जाते. खरा घोळ त्या अक्षरांत होतो ज्यांचे दोन अर्थ निघतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्याच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा, तिथं ओएस म्हणजे डावा आणि ओयू म्हणजे दोन्ही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या ड्रॉप्सवर ओडी दिसलं की थांब, कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते बघ, मग दिवसातून किती वेळा लिहिलंय ते शोध, नाही सापडलं तर फोन.

दुसरा घोळ टिंबाचा. ५.० लिहिलं आणि टिंब कार्बन कॉपीत उमटलं नाही तर झाले ५०. नुसतं .५ लिहिलं आणि टिंब नाही दिसलं तर झाले ५. तू स्वतः कधी पाकिटावर लिहिशील तेव्हा ५ लिही, ५.० नको, आणि ०.५ लिही, आधीचं शून्य सोडू नको. इन्सुलिनच्या मागं युनिटचा नुसता यू लिहिला आणि तो घाईत बंद झाला की १० चे १०० दिसतात. इन्सुलिनचं निघालंच तर हेही डोक्यात ठेव की आपल्याकडे बाटलीत ४० युनिटवालं येते आणि १०० वालंपण येते, सिरिंजपण दोन, लाल टोपीची ४० साठी आणि नारंगी टोपीची १०० साठी. १०० वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं भरलं तर अडीच पट डोस जातो, आणि खेड्यावर रात्री साखर उतरून माणूस बेशुद्ध पडला तर गाडी मिळेपर्यंत उजाडते. इन्सुलिन देताना सिरिंज बदलून मागितली तर आधी बाटली बघितल्याशिवाय देऊ नको.

तिसरा घोळ मेथोट्रेक्झेटचा. सांधेवातात ही गोळी आठवड्यातून एकदा असते. आपल्या लोकांना गोळी म्हटली की रोजची, त्यामुळं रोज खाल्ली जाते, मग तोंड सोलते, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस जातोसुद्धा. आठवड्यातून एकदा एवढं सांगून भागत नाही. वार विचार, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त बुधवारी' लिही आणि त्यालाच मोठ्यानं वाचायला लाव.

माझं स्वतःचं सांगतो, कारण भाऊंनी सांगितलेला अंदाज मीपण लावायचो. नवीन होतो. एक बाई कापूस वेचणीवरून सरळ दुकानात आली, चिठ्ठीवर टीडीएस पीसी. मी पाकिटावर झोकात लिहिलं, दिवसातून तीनदा जेवल्यावर. पाच दिवसांनी ती परत आली, आराम नाही, गोळ्या अर्ध्याच्या जवळपास उरलेल्या. मी चिडलो, तर म्हणते, 'भाऊ, जेवल्यावर खाजा म्हटलं ना तुम्ही? मी दोनदाच जेवतो. वावरात शिदोरी अन् रातच्याले घरी, हप्त्यात एखाद दिवस तं एकदाच.' चिठ्ठी मी बरोबर वाचली होती आणि तिला औषध चूक गेलं होतं. तेव्हापासून मी आधी विचारतो, किती वाजता खाता, मग त्याप्रमाणे लिहितो, कामावर निघताना, शिदोरी सोडल्यावर, झोपायच्या आधी. दुकानात गर्दी असते, मागून लोक ओरडतात, विचारायला अर्धा मिनिट लागतो. ओरडू दे.

प्रश्न : आरएक्स म्हणजे नक्की काय? आमच्या गावात एक जण म्हणतो तो देवाचं चिन्ह आहे.
— एक शेतकरी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : लॅटिन 'रेसिपी' शब्दाचं ते लहान रूप, अर्थ 'घे', डॉक्टर औषधवाल्याला सांगतो हे हे घे आणि तयार कर. गुरू ग्रहाच्या, म्हणजे रोमन लोकांच्या ज्युपिटर देवाच्या चिन्हाशी त्याचा संबंध जोडणारेही आहेत, त्यामुळं तुमच्या गावचा माणूस अगदीच हवेत बोलत नाही. आपल्याकडे काही जुने डॉक्टर चिठ्ठीच्या डोक्यावर श्री लिहितात, मग खाली आरएक्स, म्हणजे दोन्हीकडचे सांभाळले.

प्रश्न : माझं बाळ पाच महिन्याचं आहे. पातळ संडास होती म्हणून आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं दिली, गोळी अर्धी द्या म्हणाले. सासू म्हणतात पूर्वी डॉक्टर सगळ्या गोळ्या कुटून पुड्याच बांधून द्यायचे, तेच बरं होतं. मी घरीच सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून पुड्या केल्या तर चालेल का? आणि ओआरएसचं पाकीट पण थोडं थोडं करून रोज वापरलं तर?
— बाळाची आई, धारणी, जि. अमरावती

उत्तर : ताई, दोन्ही नका करू, पण विचारलंत ते फार चांगलं केलंत.

झिंकची गोळी २० मिग्रॅची असते, दोन ते सहा महिन्याच्या बाळाला १०, म्हणजे अर्धी. ही गोळी पाण्यात आपोआप विरघळणारी असते, कुटायचं कामच नाही. मधल्या रेघेवर मोडायची, अर्धी स्वच्छ चमच्यात, त्यात थोडं आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी, थोड्या वेळात विरघळते, पाजून टाका. उरलेली अर्धी पाकिटातच कोरडी ठेवा, उद्याला. चौदा दिवस द्यायची, संडास तिसऱ्या दिवशी थांबली तरी चौदा. इथंच बरेच जण सोडून देतात.

सगळ्या गोळ्या एकदम कुटल्या तर त्याचे सारखे भाग तुम्ही कशावर करणार? डोळ्यानं. आणि डोळा फसवतो, वरच्या पत्रात आर्णीच्या पोरीनं तराजू घेऊन, हिशोब करून केलं तरी पाव हिस्सा कमी भरला. शिवाय खलबत्त्यात मिरची-लसणाचा वास आणि ओल, पाच महिन्याच्या पोटात ते कशाला.

सासूबाईंना सांगा की त्यांचं खोटं नाही, पूर्वी डॉक्टरकडे कंपाउंडर बसून पुड्या बांधायचा, कारण लहान मुलांच्या ताकदीची औषधं मिळतच नव्हती. आता बरीचशी मिळतात. पण दुसरी एखादी गोळी कधी लेकराला भाग करून द्यायची पाळी आली तर आधी विचारा, ही कुटता येते का? काही गोळ्यांवर असं आवरण असते की त्या पोटात न विरघळता पुढं आतड्यात जाऊन विरघळाव्या, काही हळूहळू दिवसभर औषध सोडणाऱ्या असतात, त्यांच्या नावामागं एसआर, ईआर, सीआर असं काहीतरी लिहिलेलं असते. असली गोळी कुटली म्हणजे दिवसभराचं औषध एकाच वेळी पोटात.

ओआरएसच्या मोठ्या पाकिटात साडेवीस ग्रॅम पावडर असते, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ मीठ, २.९ सोडियम सायट्रेट आणि १.५ पोटॅशियम क्लोराइड. हे कण सारख्या आकाराचे-वजनाचे नसतात. पाकीट पिशवीत, एसटीत, गाडीवर हिंदकळत येते, तेव्हा बारीक खाली बसते आणि जाड वर राहते, तुम्ही वरचा चमचा काढला तर त्यात साखर जास्त की मीठ जास्त काही भरवसा नाही. म्हणून अख्खं पाकीट एक लीटर पाण्यात एकदमच. पाणी आधी उकळून गार करा, लीटर बाटलीनं मोजा, तांब्यानं नाही, झाकून ठेवा, आणि चोवीस तासात नाही संपलं तर फेकून नवीन करा. संपत नाही म्हणून जिवावर येते हे मला समजते, पण पाकीट केंद्रात फुकट मिळते, आशाताईला जास्तीची मागा. अंगावरचं दूध मात्र एक दिवसही बंद करू नका.

आणि तापासाठी पॅरासिटामॉल आणाल तेव्हा बाटली बघून घ्या. लहान बाळाचे थेंब येतात ते एका मिलीत १०० मिग्रॅचे, आणि सिरप येते ते पाच मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅचं. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्यानं दिली तर काय होईल तुम्हीच हिशोब करा. थेंबांच्या बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीला, चमचा घरचा नको, औषधासोबतचं माप वापरा. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, म्हणून वजन केल्याशिवाय कोणी सांगितला तर विचारा, वजन नाही का करत? सासूबाईंना वाचता येत नसेल तर बाटलीवर सूर्य आणि चंद्र काढा, तुमच्या मेळघाटात मी हे कोरकू बोलणाऱ्या आजीबाईंसोबत करून बघितलं आहे, मराठी पाटीपेक्षा ते बरं चालते.

प्रश्न : प्रॅक्टिकलला मेंथॉल आणि कापूर एकत्र घोटला तर पावडर व्हायच्या ऐवजी पाणीच झालं. पावसाळा होता म्हणून झालं का?
— डी. फार्म सेकंड इयर, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही रे, पावसाचा काही दोष नाही, हिवाळ्यातही झालं असतं. घरी अमृतधारा करतात का तुमच्या? कापूर, पिपरमिंटचं फूल आणि ओव्याचं फूल बाटलीत टाकून ठेवलं की आपोआप पातळ होते, कोणी पाणी टाकत नाही. तेच हे. पिपरमिंटचं फूल म्हणजेच मेंथॉल आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. एकटा कापूर पावणेदोनशे अंशांच्या आसपास वितळतो, थायमॉल पन्नासला, मेंथॉल ४२ ते ४४ ला, पण दोघं-तिघं एकत्र आले की मिश्रणाचा वितळायचा अंश खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो. पुस्तकात ह्याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात. आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात तर नुसतं मेंथॉलही बाटलीत वितळलेलं सापडते, कापराची गरज नाही.

चिठ्ठीत असं आलं तर दोन रस्ते. एक तर प्रत्येक वेगळं वेगळं थोड्या हलक्या मॅग्नेशियम कार्बोनेटमध्ये किंवा केओलिनमध्ये मिसळ, मग दोन्ही एकत्र हलक्या हातानं, दाब न देता. नाहीतर सरळ दोघांना पातळ होऊ दे आणि मग ते पाणी शोषून घेईल एवढं कार्बोनेट टाक. मला दुसरा रस्ता आवडतो, कारण जे व्हायचं ते समोरच होऊन जाते, पेशंटच्या खिशात नाही होत.

पावसाचं खरं भांडण वेगळ्या पावडरींशी, ज्या हवेतलं पाणी ओढतात. त्या पुडीला आत मेणकागद आणि बाहेर साधा कागद, आणि डबी घट्ट झाकणाची.

प्रश्न : माझं दुकान तीस वर्षांपासून आहे. एक पुडी बांधली नाही, एक मिक्श्चर केलं नाही. सगळं स्ट्रिपमध्ये येते. मग ह्या पोरांना दोन वर्ष खलबत्ता कशाला घोटायला लावता? कंपाउंडिंग, म्हणजे हातानं औषध मिसळून बनवणं, मेलं, हे मान्य करा ना.
— एक औषध दुकानदार, मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : भाऊ, अर्धं मान्य. दुकानातून ते गेलं, खरं आहे. पण गंमत बघा, खेड्यात अजूनही डॉक्टरच्या हाताखालच्या माणसाला लोक कंपाउंडरच म्हणतात, तो बिचारा पट्टी बांधतो, नंबर लावतो आणि बीपी घेतो, कंपाउंड काहीच करत नाही. तो शब्द ह्या पुड्यांवरून आला. १९४८ च्या फार्मसी कायद्यातपण हेच आहे, औषध बनवणं, मिसळणं आणि चिठ्ठीवर देणं हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचं काम, आपल्याच पेशंटला औषध देणारा डॉक्टर सोडला तर बाकी कोणी करायचं नाही. म्हणजे तुमच्या भिंतीवर जो कागद फ्रेम करून टांगला आहे तो ह्याच कामाच्या नावानं मिळाला.

मेलं मात्र नाही. ज्या लेकराला जन्मतःच हृदयाचा त्रास आहे त्याला कधीकधी मोठ्या माणसाच्या गोळीचा विसावा भाग लागतो, कंपनी तेवढी गोळी काढत नाही, मग मोठ्या दवाखान्यात फार्मासिस्ट लॅक्टोज घेऊन पुड्याच करतो, आजही. आणि तुमच्याच काउंटरवर आई विचारते 'ह्या गोळीचा पाव भाग कसा देऊ?' तेव्हा ज्यानं कधी १२० मिग्रॅची पुडी बांधली तोच तिला सांगू शकतो की पाव भाग हातानं होत नाही, डॉक्टरला दुसरं काहीतरी लिहायला सांगा.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं. पोरांना जेवढं लॅटिन पाठ करायला लावतात त्याच्या निम्म्यानं जरी डॉक्टरला फोन करून नीट कसं विचारायचं हे शिकवलं असतं तर दुकानात येऊन ते असे भेदरले नसते. पाचशे तासाचं ट्रेनिंग तुमच्यासारख्यांकडेच होते, आणि बरेच ठिकाणी पोराला फक्त खोके उघडायला आणि रॅक पुसायला लावतात, सही मात्र पाचशे तासाची. तुमच्याकडे कोणी ट्रेनी असेल तर रोज दोन चिठ्ठ्या त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, एवढं करा.

प्रश्न : चिठ्ठीवरची कंपनी नसेल तर त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर?
— ट्रेनी, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही अशा यादीतल्या औषधाला नियम सरळ नाही म्हणतो, आतलं औषध तेच असलं तरी. डॉक्टरला विचार, बदल करून घे, मग दे. आणि एच१ ह्या त्याहून कडक यादीमध्ये असेल तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध आणि किती दिलं हे सगळं लिहायचं, तीन वर्ष सांभाळायचं, २०१४ पासून आहे हे. रजिस्टर संध्याकाळी आठवून आठवून भरू नको, जागच्या जागी भर.

प्रश्न : सर, पुडी बांधायची खरी पद्धत कोणती? यूट्यूबवर सगळे वेगळंच दाखवतात.
— तीच विद्यार्थिनी, आर्णी

उत्तर : तू परत प्रॅक्टिकल करशील तेव्हा कामात येईल. सगळे कागद एका मापाचे, टेबलावर ओळीनं, लांब कडा तुझ्याकडे. पलीकडच्या कडेची बोटभर घडी आधीच सगळ्यांची मारून ठेव. पावडर वजन करून मधोमध टाक, कडेपर्यंत पसरू देऊ नको. अलीकडची कडा उचलून त्या घडीच्या आत घाल, मग दोन्ही मिळून मधल्या रेघेपर्यंत आण. आता दोन्ही टोकं मागच्या बाजूला वळवायची, डबीच्या मापानं, सगळ्या पुड्या सारख्या लांबीच्या आल्या पाहिजे, त्यासाठी डबीवरच ठेवून वळव. नखानं घासू नको, कागद फाटतो, स्पॅट्युलाच्या पाठीनं दाब, तेही पावडरीवरून नाही, फक्त घडीवरून, नाहीतर आतली पावडर दबून तिची चकती होते. झाली की काळ्या कागदावर पुडी उलटी धर आणि दोनदा झटक. पांढरा कण खाली दिसला तर ती पुडी बाद, तुझ्या त्या सातव्या हिश्श्यातून नवीन वजन करून बांध.